पावसाचं वजन आणि अनुमानातली उपाधी

आज टीका करायची आहे ती विली डान्सगार्ड यांच्या १९६४ सालच्या निबंधावर. खरं म्हणजे त्या निबंधावर कमी आणि त्यातल्या एका शब्दाचं पुढे लोकांनी जे केलं, त्यावर जास्त.

पाण्यातला ऑक्सिजन एकाच वजनाचा नसतो. साधारण पाचशे अणूंमागे एक अणू जड, म्हणजे ऑक्सिजन-१८. वाफ होताना हलकं पाणी आधी उडतं, ढगातून पडताना जड पाणी आधी पडतं. त्यामुळे पावसाच्या थेंबात त्याच्या प्रवासाची थोडी खूण राहते. १९५२ च्या जूनमध्ये डान्सगार्डनी कोपनहेगनला आपल्या बागेत बिअरच्या बाटलीवर नरसाळं ठेवून पाऊस गोळा केला, तिथून हे सुरू झालं. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी १९६० च्या सुमारास जगभर पाऊस गोळा करणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. आपली मुंबईही त्यात होती.

या आकड्यांवरून डान्सगार्डना दिसलं, की थंड प्रदेशात खूण तापमानाप्रमाणे बदलते. उष्ण कटिबंधात मात्र तापमान फारसं हलतच नाही. तिथे ज्या महिन्यात पाऊस जास्त, त्या महिन्याचं पाणी हलकं. याला त्यांनी नाव दिलं ‘अमाउंट इफेक्ट’, म्हणजे प्रमाण-परिणाम. त्यांनी स्वतः कारणं एकाहून अधिक सांगितली होती : आधी पडलेला पाऊस जड असतो, पडणारा थेंब भोवतालच्या वाफेशी देवघेव करतो, रिमझिम असेल तर थेंब वाटेतच थोडा सुकतो आणि जड होतो. निबंध सावध आहे. नाव सावध नाही. ‘परिणाम’ म्हटलं की माणूस कारण मिळालं असं समजतो.

आता जरा मोजण्याकडे बघा, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. महिनाभराचा पाऊस एका भांड्यात जमतो. तो उडू नये म्हणून वर पॅराफिन तेलाचा थर देत. (आजच्या लेसर यंत्रांना हेच तेल त्रास देतं, म्हणून आता बिनतेलाची भांडी वापरतात.) महिन्याअखेर हाती आकडा एक. जुलैचे एकतीस दिवस त्यात मिसळलेले, आणि मुसळधार दिवसाचा वाटा अर्थातच मोठा. रोजच्या रोज पाणी मोजलं, तर प्रमाणाशी असलेलं हे नातं बऱ्याच ठिकाणी ढिलं पडतं. मग महिन्याच्या भांड्यात दिसतं ते पावसाचं प्रमाण, की त्या महिन्यात कुठल्या जातीचे ढग आले त्याची गोष्ट? २०१६ साली प्रदीप अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंच चढणाऱ्या ढगांचा पाऊस आणि पसरट थरांचा पाऊस यांचं मिश्रण किती, यावर खूण बरीच ठरते.

आपल्या नैयायिकांना हे नवं वाटलं नसतं. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणा, हरकत नाही. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही. तिथे ओलं इंधन ही उपाधी लागते. ‘तर्कसंग्रह’ शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगतो. हलकं पाणी आणि भरपूर पाऊस यांच्या व्याप्तीत अशा किती उपाध्या लपल्या आहेत, हे कोणी तपासलं?

मेघालयात ते तपासलं गेलं, म्हणून ते उदाहरण घेतो. मावम्लूह गुहेतल्या एका चुनखडी स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी ऑक्सिजनची खूण जड झालेली दिसते. तिचा अर्थ लावला गेला, मान्सून दुबळा झाला. २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी त्याच स्तंभावर एका कालखंडाची सीमा ठरवली आणि त्याला ‘मेघालयन’ नाव दिलं. त्याआधीच, २०१० साली, सेबास्टियन ब्राइटेनबाख आणि सहकाऱ्यांचा त्याच परिसरातल्या पावसावरचा निबंध आला होता. सगळ्यांत हलकं पाणी कधी पडतं? पाऊस सर्वाधिक असतो तेव्हा नाही, तर हंगाम सरताना! स्थानिक प्रमाणाशी नातं जुळत नाही. वाफ किती लांबून आली आणि गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी बंगालच्या उपसागरात किती पसरलं, याच्याशी जुळतं.

म्हणून ४,२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ खोटा ठरतो का? नाही, आणि तसं मी म्हणतही नाही. वाफेची वाट बदलली असेल आणि पाऊसही आटला असेल; दोन्ही एकदम होऊ शकतं. माझा आक्षेप आहे तो स्तंभाच्या आलेखाशेजारी उभ्या अक्षावर सरळ ‘ओलं’ आणि ‘कोरडं’ लिहिण्याला. तिथे ऑक्सिजनचा आकडा लिहावा. ओलं-कोरडं हा निष्कर्ष आहे, तो मजकुरात यावा, आपल्या हेतूसह आणि उपाधीसह.