हौशी मोटार-छायाचित्रण आणि विधायक समीक्षा : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : हौशी छायाचित्रण, मोटारगाडी, विधायक अभिप्राय, हेतू, स्थलभान.

प्रस्तावना

साहित्य, नाटक, चित्रकला आणि संगीत या कलांच्या समीक्षेची मराठीत दीर्घ परंपरा आहे. छायाचित्रणाच्या वाट्याला मात्र तुलनेने अल्प समीक्षा आली, आणि हौशी छायाचित्रणाच्या वाट्याला ती जवळजवळ आलीच नाही. मोबाइलमधील कॅमेऱ्यामुळे छायाचित्र काढणे ही आज सर्वसामान्य कृती झाली आहे. अशा छायाचित्रांत मोटारगाडीला विशेष स्थान आहे. नवी गाडी घरी येते तेव्हा, दसऱ्याला तिची पूजा होते तेव्हा आणि पहिल्या पावसात ती घाटात नेली जाते तेव्हा तिचे छायाचित्र निघतेच. महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत तर पूर्वीचा क्रमांक १७ व आताचा क्रमांक ६६ असलेला मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग, महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, भोरकडे जाणारा वरंधा घाट आणि खेडच्या बाजूचा कशेडी घाट असे मार्ग एकत्र येतात. त्यामुळे गाडी, रस्ता आणि डोंगर यांचे चित्र येथील हौशी छायाचित्रकाराला सहज उपलब्ध असते.

अशा छायाचित्रावर मिळणारा अभिप्राय बहुधा दोन टोकांचा असतो. एका टोकाला ‘छान’, ‘अप्रतिम’ असे उद्गार असतात, तर दुसऱ्या टोकाला ‘गाडीच नीट दिसत नाही’ असा निकाल असतो. पहिल्याने सुख मिळते, दुसऱ्याने दुःख होते. पुढचे छायाचित्र मात्र दोहोंपैकी कशानेच सुधारत नाही. विधायक अभिप्राय म्हणजे सौम्य शब्दांत सांगितलेला निकाल नव्हे. छायाचित्रकाराचा हेतू जाणून, चित्रात प्रत्यक्ष काय घडले आहे ते दाखवून, पुढील वेळी करून पाहता येईल असा एखादा बदल सुचविणे म्हणजे विधायक अभिप्राय, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

परंपरा आणि एका ‘चुकी’चा धडा

हौशी छायाचित्रकारांनी एकत्र येऊन परस्परांची चित्रे पाहावीत, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यात सहभागी असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. अशा संस्थांनी प्रदर्शनांची व स्पर्धांची परंपरा रुजविली आणि हौशी छायाचित्रकाराला शिस्त दिली. तथापि, स्पर्धेतील परीक्षण आणि शिक्षणातील समीक्षा यांत मूलभूत भेद आहे. परीक्षकाला अनेक चित्रांतून एक निवडायचे असते. शिक्षकासमोर एकच चित्र असते आणि त्याच्या कर्त्याला पुढच्या चित्राकडे न्यायचे असते. हौशी छायाचित्रणावरील आपले बहुतेक अभिप्राय नकळत परीक्षकाची भूमिका घेतात.

नियमांच्या आधारे निकाल देणारी समीक्षा कशी फसू शकते, याचे बोलके उदाहरण मोटार-छायाचित्रणाच्या इतिहासातच सापडते. झाक आंरी लार्तिग (१८९४-१९८६) या फ्रेंच हौशी छायाचित्रकाराने ऐन तारुण्यात, १९१२-१३ च्या सुमारास, मोटारींच्या शर्यतीत धावत्या गाडीचे एक छायाचित्र घेतले. गाडीबरोबर कॅमेरा फिरविल्यामुळे आणि त्या कॅमेऱ्यातील शटरची फट काचेवरून क्रमाक्रमाने सरकत असल्यामुळे चाक पुढे कललेले, तर कडेचे प्रेक्षक व खांब उलट दिशेला झुकलेले उमटले. गाडीचा काही भाग चौकटीबाहेर राहिला. हे छायाचित्र बराच काळ फसलेले मानले गेले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६३ साली लार्तिग यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर वेगाची प्रतिमा म्हणून त्या चित्राला जगभर मान्यता मिळाली.

या उदाहरणावरून ‘नियम निरर्थक आहेत’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. गाडी कापली जाणे हा सर्वसाधारणतः दोषच होय. परंतु त्या विशिष्ट चित्रात तोच दोष वेगाचा प्रत्यय देतो. म्हणून समीक्षकाने ‘नियम मोडला काय?’ या प्रश्नापाशी थांबू नये. ‘नियम मोडल्याने काय निष्पन्न झाले?’ हा प्रश्न त्याने पुढे विचारला पाहिजे.

समीक्षेची भाषा : लयतत्त्व आणि त्याची मर्यादा

अभिप्राय नेमका होण्यासाठी भाषा नेमकी हवी. ती शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटकांतील संबंधांचा विचार केला. मोटारगाडीच्या छायाचित्राला ही तत्त्वे सहज लावता येतात. घाटाच्या वळणाशी गाडीच्या छताची वक्ररेषा जुळली तर संवाद साधतो. ओल्या काळ्या कातळापुढे लाल गाडी उभी राहिली तर विरोध प्रकटतो. एका कडेच्या गाडीला दुसऱ्या कडेच्या डोंगरउताराने तोलून धरले तर समतोल जाणवतो. ‘चित्र रिकामे वाटते’ या मोघम विधानापेक्षा ‘डाव्या बाजूला गाडीला तोलणारे काही नाही’ हे विधान अधिक उपकारक आहे, कारण त्यातून पुढची कृती सुचते.

केवळ रूपसंबंधांचा विचार मात्र येथे अपुरा पडतो. दसऱ्याच्या दिवशी झेंडूची माळ घातलेल्या गाडीपुढे नारळ फोडून कुटुंबासह काढलेले छायाचित्र घ्यावे. ‘माळेमुळे गाडीचा दर्शनी भाग झाकला गेला आहे, माणसांची गर्दी झाली आहे’ असा अभिप्राय रूपाच्या दृष्टीने चुकीचा नाही; परंतु तो गैरलागू आहे. तेथे विषय केवळ गाडी नाही. अनेक वर्षांच्या हप्त्यांची तयारी ठेवून घराने घेतलेली पहिली गाडी हा विषय आहे. अशा चित्राला उपयोगी सूचना वेगळी असेल : माणसांना गाडीच्या दोन्ही बाजूंना विभागावे, घरातील ज्येष्ठ व्यक्तीला दाराशी उभे करावे, दुपारच्या उन्हात कपाळावर सावली पडत असल्यास गाडी अंगणातील सावलीत घ्यावी. हेतू कळल्याशिवाय दोष ठरविता येत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

स्थळ, प्रकाश आणि अभिप्राय

छायाचित्रणाच्या पुस्तकांतील सूचना सर्वसाधारण असतात. प्रकाश मात्र स्थानिक असतो. ‘सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात छायाचित्र घ्यावे’ ही सूचना सर्वत्र दिली जाते. महाड-पोलादपूरच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग उभी असल्याने घाटपायथ्याशी सूर्यकिरण उशिरा पोहोचतात आणि ते पोहोचतात तेव्हा सूर्य बराच वर आलेला असतो. उलट सायंकाळी पश्चिमेकडील तिरपा प्रकाश थेट कड्यांवर पडतो. म्हणून येथील हौशी छायाचित्रकाराला ‘सकाळी लवकर जा’ असे सांगण्यापेक्षा ‘कडा पार्श्वभूमीला हवा असेल तर सायंकाळी जा आणि गाडीचे तोंड पश्चिमेकडे ठेव’ असे सांगणे अधिक सयुक्तिक ठरते. उत्तम अभिप्रायात असे स्थलभान असते.

आंबेनळी घाटातील धुक्यात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीचे चित्र हा येथील नेहमीचा नमुना आहे. गाडी करडी व मळकट दिसते आणि छायाचित्रकार तो दोष धुक्याला देतो. वस्तुतः कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरच्या दृश्याला मध्यम करडे मानून मोजणी करतो. धुके आणि पांढरी गाडी दोन्ही उजळ असल्याने तो प्रकाश कमी करतो. एक्स्पोजर सुमारे एक पायरी वाढविल्यास गाडीचा पांढरेपणा परत येतो. मोबाइलवर गाडीवर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकविली तरी हा परिणाम बऱ्याच अंशी साधतो. ‘चित्र निस्तेज आहे’ असे म्हणणारा समीक्षक केवळ लक्षण सांगतो. कारण सांगणारा समीक्षक मात्र उपाय हाती देतो.

दुसरा नमुना गाडीच्या अगदी जवळ जाऊन घेतलेल्या चित्राचा. मोबाइलच्या रुंद कोनाच्या लेन्समुळे पुढचा भाग फुगतो व मागचा आक्रसतो. चार पावले मागे जाऊन लांब पल्ल्याच्या लेन्सने, हेडलाइटच्या उंचीवर कॅमेरा धरून चित्र घेतल्यास गाडीची प्रमाणबद्धता टिकते. पुढचे चाक किंचित वळवून टायरच्या नक्षीऐवजी चाकाची तबकडी कॅमेऱ्याकडे आणणे, छतातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब टाळण्यासाठी एक पाऊल बाजूला सरणे, पावसाळी आकाशाचे काचेवरील प्रतिबिंब पोलरायझर फिरवून कमी करणे या सूचना लहान आहेत. पण त्या लगेच पडताळून पाहता येतात. मात्र त्या सर्व एकाच वेळी दिल्यास नवशिक्या गोंधळतो. एका चित्रामागे एकच प्रमुख सूचना, हे पथ्य शिक्षकाने पाळणे इष्ट ठरते.

घाटातील चित्र आणि समीक्षकाची जबाबदारी

या परिसरातील मोटार-छायाचित्रणाला एक नैतिक अंगही आहे. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. अरुंद वळणावर, पावसात, केवळ चित्रासाठी गाडी उभी करणे म्हणजे स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणे होय. अशा ठिकाणी घेतलेल्या चित्राच्या रचनेची स्तुती करून समीक्षक मोकळा होऊ शकत नाही, कारण त्याची स्तुती वाचून दुसरा कोणी त्याच वळणावर थांबेल. ‘हीच रचना थांबण्यास पुरेशी जागा असलेल्या ठिकाणाहून कशी मिळेल?’ हा प्रश्न तंत्रविषयक आहे आणि नैतिकही. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवून वेग टिपण्याचा सराव करावयाचा असल्यास तो रस्त्यापासून सुरक्षित अंतरावरून, सेकंदाच्या तिसाव्या किंवा साठाव्या भागाइतक्या शटरगतीने करता येतो. त्यासाठी चालकाने गाडी वेगाने हाकण्याची आवश्यकता नसते. वेगाचा आभास शटर निर्माण करते.

चित्राचा हेतू बदलला की त्याचे निकषही बदलतात, हे महाडने जवळून पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून वाहने वाहून गेली. जुलै २०२१ च्या महापुरात शहर पाण्याखाली गेले आणि त्याच सुमारास तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. पुरात सापडलेल्या गाडीचे छायाचित्र विमा दाव्यासाठी घ्यावे लागते तेव्हा सायंकाळचा सोनेरी प्रकाश आणि धूसर पार्श्वभूमी यांना अर्थ उरत नाही. नोंदणी क्रमांक वाचता येणे, पाण्याच्या पातळीची खूण दिसणे, आतील चिखल स्पष्ट उमटणे, हे तेथील गुण होत. एरवी जी सपाट, रूक्ष मांडणी दोष ठरली असती तीच तेथे योग्य ठरते. धबधब्यापुढे चमकणारी गाडी आणि चिखलात रुतलेली गाडी एकाच फुटपट्टीने मोजणारी समीक्षा दोन्हींवर अन्याय करते.

अभिप्रायाची पद्धती आणि एक आक्षेप

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये अभिप्रायाची एक चार टप्प्यांची पद्धत विकसित केली. तीत प्रेक्षक प्रथम कलाकृतीत त्यांना काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात. नंतर कलावंत स्वतः प्रश्न विचारतो. मग प्रेक्षक मतप्रदर्शन न करता प्रश्न विचारतात. आणि अखेरीस कलावंताची अनुमती घेऊन मते मांडली जातात. नृत्यासाठी जन्मलेली ही पद्धत महाविद्यालयातील छायाचित्रण मंडळालाही उपयुक्त आहे. ‘तुझ्या गाडीचा पुढचा भाग इतका मोठा का?’ या प्रश्नात आरोप आहे. ‘हे चित्र घेताना तू गाडीपासून किती अंतरावर होतास?’ या प्रश्नात शिक्षण आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता देता विद्यार्थ्याला आपली चूक बहुधा स्वतःलाच उमगते.

अशी समीक्षा मिळमिळीत होईल, गुणवत्तेचा आग्रह सुटेल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. हेतूच्या नावाखाली आळसाला आश्रय मिळू शकतो. ‘मला असेच हवे होते’ हे उत्तर प्रत्येक दोषावर पांघरता येते. परंतु या आक्षेपाचे उत्तर पद्धतीतच आहे. एकदा हेतू उघडपणे सांगितला गेला की चित्र त्या हेतूला उतरले की नाही, हे कठोरपणे तपासता येते. वेग दाखवावयाचा होता आणि गाडी उभी वाटते, तर ‘असेच हवे होते’ या उत्तराला जागा उरत नाही. कर्त्याने स्वतः सांगितलेल्या हेतूचा निकष बाहेरून लादलेल्या नियमापेक्षा अधिक कठोर असतो, आणि तो अन्यायाचाही वाटत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की हौशी मोटार-छायाचित्रणातील सुधारणा महागड्या उपकरणांपेक्षा अभिप्रायाच्या गुणवत्तेवर अधिक अवलंबून आहे. हेतूची विचारणा, चित्राचे वस्तुनिष्ठ वर्णन, कारणाचा शोध, एकच करण्याजोगी सूचना, आणि त्यानंतर दुसऱ्या चित्राची पाहणी, असा तिचा क्रम असावा. यांतील अखेरची पायरी सर्वाधिक उपेक्षित आहे. सूचना दिल्यानंतर काढलेले दुसरे चित्र पाहिल्याखेरीज दिलेली सूचना बरोबर होती की नाही, हे समीक्षकालाही कळत नाही. विद्यार्थ्याने सायंकाळी त्याच कड्याखाली गाडीचे तोंड पश्चिमेकडे करून घेतलेले चित्र पहिल्या चित्राशेजारी ठेवावे. त्या दोन चित्रांतील अंतर हेच त्याच्या प्रगतीचे माप होय, आणि त्याच्या शिक्षकाच्या समीक्षेचेही.