बँकेत पैसे होते, तरी उपाशी

माझा पीएचडीचा विषय आहे युद्धकाळातलं रेशनिंग. ‘म्हणजे नक्की काय रे?’ असं कोणी विचारलं की मी सरळ ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ बघायला सांगतो. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ सालचा जपानी अ‍ॅनिमेशनपट. १९४५ मध्ये कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यात आई गेल्यावर १४ वर्षांचा सेइता आणि त्याची ४ वर्षांची बहीण सेत्सुको उपासमारीने मरतात. हे सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे मी काही गुपित फोडत नाहीये.

आता एक गोष्ट बघा. या मुलांकडे पैसे आहेत. आईचे ७००० येन बँकेत आहेत. मग भूक कशी?

अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल लिहिलंय, की धान्य किती आहे एवढंच बघू नका, ते मिळवण्याची ताकद कुणाकडे आहे तेही बघा. बंगालमध्ये मजुराच्या हातातले पैसे वाढत्या भावापुढे अपुरे पडले. सेइताचं उलटं. जपानात धान्याची टंचाई होतीच, पण जे होतं ते मिळायचं शेजारमंडळामार्फत. काकूचं घर सोडलं आणि तो त्या साखळीबाहेर पडला. शेतकरी त्याला नेमकं हेच सांगतो: परत जा, माफी माग.

बरेच जण काकूला खलनायिका ठरवतात. मला ते पटत नाही. आपल्या माणसांना दाट भात, या दोघांना वरचं पाणी, हे निर्दयी आहेच. पण ‘देशासाठी राबणाऱ्याला आधी’ हा युद्धकाळातला हिशेबच ती स्वयंपाकघरात मांडते. ताकाहाता स्वतः याला युद्धविरोधी चित्रपट म्हणत नसत. हे स्वयंपाकघर बघितलं की ते का, याचा थोडा अंदाज येतो.

शेवटाकडे ग्रामोफोनचं गाणं लावून सेत्सुकोचे खेळ दाखवलेत, तिथे मात्र दिग्दर्शक आपल्याला रडवायलाच बसलाय असं वाटतं. गरज नव्हती. मूळ कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण खरोखरच कुपोषणाने गेली होती, आणि चित्रपटातली साधी दृश्यंच जास्त जड आहेत. डॉक्टर म्हणतात, पोषण हवं. सेइता ओरडतो, ते आणू कुठून?

मग तो बँकेतून उरलेले ३००० येन काढतो. जपान शरण गेल्याचं त्याला तिथेच कळतं. परतताना कलिंगड आणतो, एक फोड तिच्या तोंडाला लावतो आणि पेज शिजवायला उठतो.