तेलाच्या लेबलवरची ‘इम्युनिटी’

नाशिकमध्ये लाकडी घाण्याचं तेल घ्यायला गेलात, की ‘इम्युनिटी वाढवतं’ हा दावा हल्ली हटकून कानावर पडतो. यामागे खरं संशोधन आहे का? आहे. पण ते लेबलवर लिहिलंय तसं बोलत नाही.

आधी मोजतात काय, ते पाहू. छातीच्या हाडामागची थायमस आणि पोटात डावीकडची प्लीहा हे प्रतिकारशक्तीचे अवयव. वेगवेगळ्या तेलांवर पोसलेल्या उंदरांच्या या अवयवांतून लिम्फोसाइट पेशी काढायच्या, बशीत कॉन-ए नावाचं प्रथिन घालून त्यांना डिवचायचं आणि त्या किती विभागतात ते मोजायचं. याकूब, न्यूजहोम आणि काल्डर यांचा १९९४ सालचा अभ्यास असाच. त्यातल्या जास्त मेदाच्या खाद्यात वजनाने २० टक्के मेद होता, म्हणजे जवळपास ४० टक्के उष्मांक त्यातूनच. मासळीच्या तेलावर वाढलेल्या उंदरांच्या पेशींची वाढ मंदावलेली दिसली.

दचकलात ना? ओमेगा-३ चांगलं, मग पेशी मंद कशा?

माझा आक्षेप इथेच आहे. पेशी जास्त विभागल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली, हे समीकरणच कच्चं आहे. आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. तिथे या पेशी थंडावल्या तर फायदाच. जंतुसंसर्गात मात्र तीच मंदी महागात पडू शकते.

कारणंही सरळ नाहीत. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. त्यापासून शरीर अ‍ॅराकिडॉनिक आम्ल आणि पुढे प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवू शकतं. हे ई-२ टी-पेशींच्या वाढीला लगाम घालतं. मासळीचं तेल तो लगाम सैल करतं. मग पेशी उधळायला हव्यात, पण होतं उलटंच! म्हणजे पेशीच्या आवरणातले मेद बदलणं, अशा दुसऱ्या वाटाही असणार. शिवाय बशीत वासराचं सीरम घातलं की त्याच उंदराचं, यावरही निकाल बदलतो.

तेव्हा असा दावा ऐकलात की तीन प्रश्न विचारा: पेशी कुणाच्या, तेल किती, तुलना कशाशी? आणि घरात कुणाला आमवात असेल, तर त्यांची काही औषधं याच पेशींना आवरण्यासाठी असतात. लेबल वाचून ती परस्पर कमी करू नका. फोडणीला तेल चवीनं निवडा, ‘इम्युनिटी’साठी नको.