वेष्टनाची व्यंजना

साहित्यकृतीच्या संहितेभोवती जे जे काही असते, म्हणजे शीर्षक, मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर, त्या सर्वांना जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली ‘उंबरठे’ असे नाव दिले. वाचक संहितेत शिरतो तो या उंबरठ्यावरून, आणि तो ओलांडताना त्याचे निम्मे वाचन होऊन गेलेले असते. त्याच वर्षी ऑस्ट्रियामध्ये ‘रेड बुल’ हे पेय निळ्या-रुपेरी डब्यातून बाजारात आले. हा निव्वळ योगायोग होय. पण तो सूचक आहे. रोलाँ बार्थने १९५७ मध्ये वाइन आणि दूध यांची चिन्हमीमांसा केली, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. मात्र सातारा-कराड रस्त्यावरच्या टपरीत ओळीने मांडलेल्या बाटल्या वाचणे हे समीक्षेचे काम आहे, असे आपल्याला सहसा वाटत नाही. प्रस्तुत लेखात ते काम करून पाहावयाचे आहे.

रेड बुलचा पूर्वेतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हे पेय मुळात थायलंडचे. १९७० च्या दशकात तेथे ‘क्रातिंग देंग’ या नावाने, औषधाच्या असतात तशा लहान तपकिरी काचेच्या बाटलीतून ते ट्रकचालक आणि मजूर यांना विकले जाई. पुढे युरोपात नेताना पेयाच्या चवीत काही फेरफार झाले. त्यात वायू मिसळला गेला. परंतु खरा पालट झाला तो पात्रात. तपकिरी बाटली गेली, सडपातळ, उंच डबा आला आणि मजुराचे पेय रात्री जागणाऱ्या सुखवस्तू तरुणाचे झाले. ती बाटली जशीच्या तशी आपल्याकडे आली असती, तर द्राक्षासवाशेजारी ठेवली गेली असती आणि झाकणाने मोजून घेतली गेली असती! आशयाचा मोठा भाग तोच ठेवून केवळ उंबरठा बदलल्याने वाचकवर्गच बदलतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण ग्रंथव्यवहारातही क्वचितच सापडेल.

भाषांतराच्या अभ्यासकाला यात आणखीही काही दिसेल. ‘क्रातिंग’ म्हणजे गवा. कोयना-चांदोलीच्या रानात असतो तोच. थाई गवा इंग्रजीत ‘बुल’ झाला आणि तो ‘बुल’ आपल्या वाचकाच्या मनात ‘बैल’ होऊन उतरला. इंग्रजीतला ‘बुल’ म्हणजे वळू. बैल हा खच्ची केलेला, जुवाला जुंपलेला. मराठीत ‘बैलासारखा राबतो’ हे काही तेजाचे वर्णन नव्हे. तरीही माण-आटपाडीच्या खिलार पट्ट्यात हे चित्र रुजते, कारण तेथे शर्यतीच्या बैलाची प्रतिमा आधीपासून तयार आहे. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनाई केली, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त मुभा दिली आणि २०२३ मध्ये ती कायम केली. या काळात तर हा बैल अस्मितेचेच चिन्ह बनला. माणमधल्या एका विद्यार्थ्याने डब्यावरचे चित्र न्याहाळून मला म्हटले, “सर, हे दोघं एकमेकांवर धावून निघालेत. आमचे जोडीनं पळतात.” चिन्हमीमांसेच्या परिभाषेत हेच सांगायला मला दोन पाने लागली असती.

या प्रदेशात बळ देणारे पेय पूर्वी नव्हते असे नाही. तालमीत घोटली जाणारी थंडाई होती: बदाम, खसखस, बडीशेप, मिरे, दूध. तिला वेष्टन नव्हते. तिची ग्वाही समोर लंगोट लावून उभा असलेला वस्ताद देई. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचे गोळेश्वर कराडलगतच आहे. त्या परंपरेतला शब्द ‘ताकद’ हा आहे आणि ताकद महिनोन्‌महिने कमवावी लागते. ‘एनर्जी’ विकत मिळते आणि झाकण उघडताच हजर होते. गतकाळाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरूही गिऱ्हाईक बोलावण्यासाठीच असते, आणि उसाच्या रसातली साखर काही निरुपद्रवी नव्हे. फरक एवढाच, की घुंगरू रसाविषयी काही खोटे सुचवीत नाही.

२०१७ मध्ये भारतात आलेल्या ‘स्टिंग’ने निराळी युक्ती योजली. डबा पेय झाकतो. ही पारदर्शक प्लास्टिकची बाटली ते दाखवते. तिच्यातला भडक लाल द्रव हाच मुख्य चिन्हक. नावाचा अर्थ ‘डंख’. परंतु वृत्तपत्रे वाचणाऱ्या मराठी माणसाला आधी ‘स्टिंग ऑपरेशन’ आठवावे! नावाचा अर्थ कळण्याची गरजच राहत नाही, कारण रंगाने आपले काम आधीच उरकलेले असते.

आता बाटली फिरवून पाहू. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत या वर्गाचे नाव ‘कॅफीनयुक्त पेय’ असे आहे. दर लिटरमध्ये १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन, दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक पिऊ नये, आणि मुले, गर्भवती व स्तनदा माता, कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्ती व खेळाडू यांच्यासाठी शिफारस नाही, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ‘खेळाडू’ हा शब्द वाचून थांबावे. पुढची बाजू आणि जाहिरात ज्याला उद्देशून बोलते, नेमक्या त्यालाच मागची बाजू वगळते.

काव्यशास्त्राच्या भाषेत मागचा मजकूर ही अभिधा आणि पुढचे चित्र ही व्यंजना. पण आनंदवर्धनाने व्यंजनेला श्रेष्ठत्व देताना वाच्यार्थाची जागा सोडलेली नाही. ज्याला प्रकाश हवा त्याने दीपशिखेची काळजी घ्यावी, तशी व्यंग्यार्थ इच्छिणाऱ्याने वाच्याची, असे तो म्हणतो. या वेष्टनात व्यंजना वाच्यातून उमलत नाही. ती वाच्याला आड करते. म्हणून कवितेची साधने वापरूनही ते कविता होत नाही. आणि पेयाची क्रियाही याच जातीची आहे. मेंदूत थकव्याची वर्दी देणारे ॲडेनोसिन ज्या ग्राहींवर बसते, त्या जागा कॅफीन अडवून धरते. साखरेचे उष्मांक सोडल्यास शरीरात नवे काही येत नाही. थकवा असतो तेथेच राहतो, फक्त त्याची वर्दी पोहोचत नाही.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. वेष्टनावरील वैधानिक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते; मराठी ऐच्छिक. पुढच्या बाजूस भाषाच लागत नाही आणि मागची बहुतेक वेळा इंग्रजीत, बारीक टंकात असते. गळीत हंगामात रात्रभर उसाचा ट्रॅक्टर हाकणाऱ्या चालकाला ती लिहिलेलीच नाही. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीस बंदी घालण्याची घोषणा झाली. तिने अंतराचा विचार केला. वाचनाचा प्रश्न होता तेथेच राहिला.

पदवीच्या वर्गात व्यंजना शिकवताना मी आता ही बाटलीच टेबलावर ठेवतो आणि सूचनेचे मराठी भाषांतर करायला सांगतो. ‘मुले’ कोणत्या वयापर्यंत, यावर थोडी चर्चा होते. खरा वाद पेटतो तो ‘खेळाडू’वर. पैलवान त्यात आला, याबद्दल दुमत नसते. पण पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून महामार्गाच्या कडेने धावणारा मुलगा खेळाडू की उमेदवार? वर्गात तशी पाच-सहा मुले असतात. त्यांचे आपसांत एकमत होत नाही.