गुण कुठून येतात?
कल्पित जगांच्या खेळांतील पात्ररचनेचे परीक्षण

कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच सामानावर खेळायचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. या खेळाला ठरलेला पट नाही आणि सहसा हार-जीतही नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार. तो एका कल्पित जगाचे वर्णन करतो : समोर पडका किल्ला आहे, दरवाजा आतून बंद आहे. बाकीचे खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र आता काय करते ते बोलून सांगतात. दरवाजा मोडेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकून निकाल लावायचा. पुढे याच धर्तीचे अनेक खेळ निघाले.

खेळ सुरू होण्याआधी दोन गोष्टी तयार लागतात : पात्रे आणि ती जिथे वावरतात तो परिसर. पात्रे घडवण्याचे नियम पुस्तकांत तक्त्यांच्या रूपाने दिलेले असतात. वरवर पाहता ही केवळ पूर्वतयारी. पण बारकाईने वाचले तर प्रत्येक तक्त्यात एका प्रश्नाचे उत्तर गृहीत धरलेले आढळते : अंगी गुण येतात ते कुठून? नशिबाने, जन्माने, सरावाने, की भोवतालच्या परिस्थितीने? हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. ‘याच्या घरातच गणित नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत कधी ना कधी आपण सर्वांनी ऐकलेले आहे. तेव्हा हे तक्ते विज्ञानातली प्रतिमाने तपासावीत तसे तपासून पाहू. गृहीत काय धरले आहे आणि त्यातून निष्पन्न काय होते, एवढेच विचारायचे.

फाशाचे दान

१९७४ च्या नियमांत पात्राचे सहा गुण मोजले जात : ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि इतरांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी नेहमीचे सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. म्हणजे प्रत्येक गुण ३ ते १८ यांच्या दरम्यान येणार. तीन फाशांची दाने एकूण २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांतल्या एकाच प्रकारात बेरीज १८ येते. उलट १० किंवा ११ येण्याचे ५४ प्रकार आहेत, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. ९ ते १२ या पट्ट्यात तर जवळजवळ निम्मी, २१६ पैकी १०४ दाने पडतात. आलेख काढला तर तो मध्ये फुगलेला आणि दोन्ही कडांना निमुळता दिसतो. माणसांच्या उंचीसारखी, अनेक लहान कारणे एकत्र येऊन ठरणारी मापे साधारण अशीच पसरलेली असतात.

हे प्रतिमान कठोर आहे, पण प्रामाणिक आहे. बहुतेक पात्रे चारचौघांसारखी निघतात आणि हाती आले त्यात निभावून न्यायचे असते. अडचण टेबलावर जाणवते. एकाच्या पात्राला सगळे ६-७ आणि शेजाऱ्याला १५-१६ आले, तर पुढचे कित्येक महिने पहिल्याने दुसऱ्याची मर्दुमकी बघत बसायचे. म्हणून १९७९ च्या सूत्रधार-पुस्तकात चार फासे टाकून सर्वांत लहान दान सोडून देण्याची पद्धत सुचवली गेली. त्यामुळे सरासरी १०.५ वरून सुमारे १२.२ वर गेली आणि १८ मिळण्याची शक्यता २१६ त एकवरून सुमारे ६२ त एक झाली. २०१४ च्या आवृत्तीत फासे अजिबात न टाकण्याचाही पर्याय आहे. प्रत्येकाला २७ अंकांची सारखी पुंजी मिळते. सगळे गुण ८ पासून सुरू होतात, १३ पर्यंत प्रत्येक पायरीला १ अंक आणि तिथून १५ पर्यंत प्रत्येक पायरीला २ अंक मोजावे लागतात. नशिबाची जागा इथे समान वाटपाने घेतली.

जन्माचे दान

इथवर ठीक होते. पण फाशांच्या शेजारी दुसरा एक तक्ता पहिल्यापासून होता : जन्माचा. खेळाडू माणसाखेरीज एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग अशा कल्पित जमातींतले पात्र घेऊ शकतो. मूळ इंग्रजी पुस्तकांत यांना ‘रेस’, म्हणजे वंश, म्हटले होते. १९७४ च्या नियमांत ड्वॉर्फ फक्त लढवय्या होऊ शके आणि तोही सहाव्या पायरीपर्यंतच. हाफलिंगची मजल चौथ्या पायरीपर्यंत. माणसाला अशी मर्यादा नव्हती. १९७८ च्या खेळाडू-पुस्तकात भेद आणखी बारीक झाला. ताकद १८ असलेल्या लढवय्याला पुढे १ ते १०० असे शतमान काढायचे असे. माणसांतल्या पुरुषाला ते १०० पर्यंत जाऊ शके, स्त्रीला मात्र ५० च्या पुढे नाही. स्त्री-पुरुष भेदाचा हा नियम १९८९ च्या आवृत्तीत गेला. जमातीनुसार पायऱ्यांची मर्यादा २००० साली गेली. पण त्याच २००० च्या पुस्तकात हाफ-ऑर्क, म्हणजे माणूस आणि ऑर्क यांच्या संकरातून झालेल्या पात्राला, ताकदीत २ अधिक, तर बुद्धीत २ आणि छापेत २ वजा असा हिशोब होता.

या वजा २ चा अर्थ काय? सोपे जावे म्हणून तीन फाशांच्या जुन्या पद्धतीनेच गणित करू. एक माणूस आणि एक हाफ-ऑर्क यांची बुद्धी फाशांनी काढली आणि हाफ-ऑर्कच्या बेरजेतून २ वजा केले. तरीही शंभरात सुमारे २८ वेळा हाफ-ऑर्क माणसापेक्षा हुशार निघतो आणि सुमारे ८ वेळा बरोबरीत राहतो. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे असे मानले, तरी समोर बसलेल्या एकाविषयी त्यावरून फारसे काही सांगता येत नाही. दोन्ही आलेख एकमेकांवर मोठ्या प्रमाणात पसरलेले असतात. वर्गातल्या मुलाकडे पाहताना नेमके हेच आपण विसरतो.

पण खेळात याहून वेगळेच घडते. नव्या आवृत्त्यांत गुणातल्या २ च्या फरकाने वीस बाजूंच्या फाशावर १ चा, म्हणजे ५ टक्क्यांचा, फरक पडतो. आकडा लहान आहे. तरीही तेवढ्या ५ टक्क्यांसाठी हिशोबी खेळाडू जादूगार करायचा असेल तर बुद्धीत उणी असलेली जमात निवडतच नाही. परिणामी टेबलावर हाफ-ऑर्क जादूगार क्वचितच दिसतो. मग नवा खेळाडू म्हणतो, ऑर्क मुळातच अडाणी असतात, बघा ना! आधी नियमाने दार बंद केले आणि मग आत कोणी आले नाही हाच पुरावा ठरला. समाजात पूर्वग्रह कसे टिकतात याचे इतके छोटे आणि स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधूनही सापडणार नाही.

शब्द बदलला, पुढे काय?

यावर टीका होत गेली. २०२० साली आलेल्या पुरवणी पुस्तकाने जन्माची अधिक-उणे बेरीज हव्या त्या गुणाला लावण्याची मुभा दिली. २०२४ च्या खेळाडू-पुस्तकात ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ हा शब्द घातला आणि गुणांची भर जन्मापासून पूर्ण तोडली. हे पाऊल योग्यच होते. मात्र दोन शंका उरतात.

पहिली शंका शब्दाची. स्पीशीज हा जीवशास्त्रातला शब्द. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला ‘जाती’ म्हणतात, हा योगायोग मराठी वाचकाला टोचल्यावाचून राहणार नाही. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या व्याख्येप्रमाणे, ज्यांच्यात निसर्गतः आपसात प्रजनन होते त्यांची एक जाती. ज्या खेळात अर्धे एल्फ आणि अर्धे ऑर्क पन्नास वर्षे हिंडत होते, तिथे हा शब्द शास्त्रीय वाटला तरी काटेकोर बसत नाही. ड्वॉर्फला विषाची बाधा कमी होते किंवा अंधारात दिसते, हे शरीराचे वैशिष्ट्य म्हणून पटते. घुबडालाही रात्री चांगले दिसते. बुद्धी आणि शहाणपण यांना तोच न्याय लावणे ही चूक होती आणि ती शब्दाची नव्हे, तक्त्याची होती.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची. जन्मापासून तोडलेली ही भर आता पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली आहे. शेतकरी असलेल्या पात्राला ताकद, काटकपणा किंवा शहाणपण यांत भर मिळते. उमरावाला ताकद, बुद्धी किंवा छाप यांत. शेतकऱ्याच्या वाट्याला शहाणपण आले याचे समाधान मानावे, पण बुद्धी उमरावाकडेच राहिली. सूत्रधाराला यात बदल करता येतो हे खरे. तरी छापील तक्ता नवख्या खेळाडूला काय शिकवतो? उमराव असणे हे तर पुन्हा जन्मानेच ठरते. दारातून बाहेर काढलेला पाहुणा खिडकीतून आत आला, असेच म्हणावे लागते.

सरावाचे माप

याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर १९७८ साली निघालेल्या ‘रुनक्वेस्ट’ या खेळाने दिले. त्यात पात्राची कौशल्ये टक्क्यांत मांडतात. एखादे कौशल्य वापरून यश आले की त्यापुढे खूण करायची. मोहीम संपल्यावर शंभराचा फासा टाकायचा. दान सध्याच्या टक्क्यांपेक्षा जास्त पडले, तर कौशल्य ५ टक्क्यांनी वाढते. बुद्धीमुळे होणारी थोडी अधिक-उणे सोडली, तर ३० टक्के येणाऱ्याला वाढीची शक्यता ७० टक्के आणि ८० टक्के येणाऱ्याला २० टक्के. जसजसे येऊ लागते तसतसे पुढचे शिकणे कठीण होते, हा आपल्या सर्वांचा अनुभव इथे एका ओळीच्या नियमात उतरला आहे.

आणखी एक हिशोब करण्यासारखा आहे. एकाच प्रयत्नाचा विचार केला, तर वाढीसाठी आधी यश आणि मग मोठे दान, दोन्ही लागते. १० टक्के येणाऱ्यासाठी ही एकत्रित शक्यता ०.१ गुणिले ०.९, म्हणजे ९ टक्के. ५० टक्के येणाऱ्यासाठी २५ टक्के. ९० टक्के येणाऱ्यासाठी पुन्हा ९ टक्के. म्हणजे फार अवघड नाही आणि फार सोपेही नाही, अशा कामातून सर्वांत जास्त शिकणे होते. हे पटण्यासारखे आहे. पण याच नियमात एक मोठा दोषही दिसतो. अपयशातून इथे काहीच शिकता येत नाही! कच्च्या मुलाला आधी यश मिळवून दाखव, मग तुला शिकू देऊ, असे म्हणण्यासारखे ते झाले. तरीही जन्माऐवजी कृतीकडे पाहणारा हा नियम मला पहिल्या दोहोंपेक्षा उजवा वाटतो.

परिसर काय सांगतो?

आता परिसराकडे वळू. १९९१ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’साठीच ‘डार्क सन’ नावाचे एक जग प्रसिद्ध झाले. त्यातली अ‍ॅथास ही भूमी जवळजवळ सगळी वाळवंट आहे. धातू दुर्मीळ, म्हणून शस्त्रे हाडांची, लाकडाची, ज्वालामुखीच्या काचेची. जादू फुकट होत नाही. तिची शक्ती वनस्पतींच्या जीवनातून ओढली जाते आणि बेफिकीर जादूगारांमुळेच जमीन उजाड झाली. शक्ती शून्यातून येत नाही, तिची किंमत कुठेतरी चुकवावी लागते, हे विज्ञानातले साधे तत्त्व इथे कथेचा कणा झाले आहे.

आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. इतर जगांत हाफलिंग म्हणजे घरकोंबडे, खाण्यापिण्यात रमणारे लोक. अ‍ॅथासवर ते जंगलात राहणारे, नरमांस खाणारे आहेत. इतरत्र वनांत राहणारे एल्फ इथे वाळवंटात मैलोन्‌मैल धावणारे भटके झाले आहेत. जमात तीच, परिसर बदलला आणि राहणी बदलली. म्हणजे परिसर रचणाऱ्यांनी जन्माच्या तक्त्याला कथेतून खोडून काढले. तरीही त्याच पेटीतल्या नियमपुस्तकात जमातीनुसार गुणांची अधिक-उणे छापलेली होतीच. एक पुस्तक म्हणते माणूस परिस्थितीने घडतो, दुसरे म्हणते रक्ताने. असा विसंवाद केवळ खेळांच्या पेटीतच असतो असे नाही. शाळेच्या भिंतीवरची सुवचने आणि निकालपत्रकावरचे शेरे शेजारी ठेवून पाहावेत.

वर्गासाठी

हे खेळ वर्गात जसेच्या तसे आणावेत असे सुचवायचे नाही. पण आठवी-नववीच्या मुलांना दोन कामे देता येतील. लुडोचे तीन फासे शंभर वेळा टाकून बेरजांचा स्तंभालेख काढणे, हे पहिले. जगात एकच भौतिक बदल करून, उदाहरणार्थ लोखंड नाही किंवा पाऊस तीन वर्षांतून एकदाच पडतो, तिथले लोक काय खातील, कशाने नांगरतील, कोणाला मान देतील हे लिहिणे, हे दुसरे. मग मुलांनाच पात्रे घडवण्याचे नियम करू द्यावेत. प्रत्येक नियमापुढे एकच प्रश्न विचारावा : हा गुण या पात्राला कुठून मिळाला, आणि दुसऱ्याला तो मिळवण्याची वाट या नियमात आहे का? मराठीत अंगचे गुण आणि परीक्षेतले गुण यांना शब्द एकच आहे. हा प्रश्न मुले उद्या आपल्या गुणपत्रकालाही विचारतील. तेव्हा उत्तर देण्याची तयारी आपण ठेवायला हवी.