उर्वशी खालून पाहावी

गडब गावच्या खाडीकाठाला सरावलेल्या डोळ्यांना फुलाचा थाट फारसा ठाऊक नसतो. तिथे तिवर उभा असतो. मुळांनी ओढलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकत जगायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. त्याची बारीक पिवळसर फुलं माणसांआधी मधमाश्यांना दिसतात. तेच डोळे घेऊन थंडी ओसरताना भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशीच्या झाडाखाली उभं राहावं. हवा तीच, कोकणपट्टीची, दमट आणि उबदार. पण झगडायला मीठ नाही, आणि डोक्यावर जुन्या झाडांची सावली आहे.

उर्वशीची मंजरी फांदीवरून सरळ खाली सुटते. फुलांचे देठ लांब आणि लालसर, त्यामुळे एकही फूल दुसऱ्याला चिकटत नाही; भरगच्च घोसातही प्रत्येकाभोवती मोकळी हवा राहते. दोन लालगुलाबी छदं फाकली की आतल्या पाकळ्या दिसतात. त्या पाच, पण सारख्या नाहीत. एक रुंद, तिच्या टोकाला हळदीपिवळा डाग. कडेच्या दोन अरुंद, त्यांचीही टोकं पिवळी. उरलेल्या दोन इतक्या खुजट की शोधाव्या लागतात. मला या फुलाची थोरवी इथेच वाटते: लाल रंग मुक्तहस्ते उधळलाय, पिवळा मात्र मोजून वापरलाय. त्या पिवळ्यापाशी नजर अडते, म्हणून फुलाची घडण दिसते. नाहीतर नुसता लाल लोट पाहून माणूस पुढे गेला असता. गुलमोहराचं तसंच होतं.

कोवळ्या पालवीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तांबूस रंगाची ती पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत असतात आणि मग हळूहळू ताठ व हिरवी होतात. सीतेच्या अशोकाची पालवी पाहिलेल्याला नातं लगेच कळावं. दोघे एकाच कुळातले, चिंचही त्याच घरातली.

उर्वशीचं मूळ माहेर ब्रह्मदेश. वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे झाड मार्तबान भागात, एका बौद्ध मठाच्या बागेत भेटलं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे त्याची ओंजळभर फुलं वाहिलेली होती. तेव्हाच्या गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी ॲम्हर्स्ट आणि त्यांच्या मुलीच्या सन्मानार्थ त्याने शास्त्रीय नाव ठेवलं. आपल्याकडच्या नावाला अप्सरेचा आधार आहे, आणि मला तेच जास्त शोभतं असं वाटतं. इंग्लंडात ते प्रथम फुललं 1849 मध्ये, तेही तापवलेल्या काचघरात. शेंग क्वचितच धरते, त्यामुळे वाढवायचं तर बहुधा गुटी बांधूनच.

मुंबईला काचघर लागलं नाही. शिवडीची जुनी बाग मोडून 1862 मध्ये भायखळ्याची बाग खुली झाली, आणि तिथल्या मोठ्या झाडांनी पुढच्या पिढ्यांत जी ओल आणि सावली धरली, तीच उर्वशीला मानवली. म्हणून बागेच्या फेरआखणीविरुद्ध 2007 पासून नागरिक उभे राहिले, तेव्हा ते मला फार मोलाचं वाटलं. उर्वशीभोवती कुंपण घालून तिच्या शेजारची झाडं काढली, तर फूल वाचवल्याचं समाधान मिळेल आणि फुलण्याची सोय मात्र जाईल. नकाशावर झाडांचे बुंधे मोजतात तशी त्यांची सावलीही मोजायला हवी.