कापसाच्या बोळ्यांचे पेशीपटल

अमरावती-अकोल्याकडच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत पेशीपटलाची एक प्रतिकृती हमखास भेटते. कापसाचे बोळे, प्रत्येकाला खराट्याच्या दोन काड्या, काड्या आतल्या बाजूला करून मांडलेल्या दोन रांगा आणि मध्येमध्ये प्रथिनांचे रंगीत ठोकळे. बनवणाऱ्यांची मेहनत दिसते. पण "हे बोळे काय करतात?" असे विचारले की पाठ केलेले उत्तर येते: "आधार देतात, संरक्षण करतात, सर." मग बाहेरचा निरोप आत कोण पोचवतो? बोट ठोकळ्यांकडे जाते.

आक्षेप आहे तो इथे. सिंगर व निकोलसन यांनी १९७२ साली मांडलेले प्रवाही पटलाचे चित्र चुकीचे नाही. आपण मात्र त्यातल्या मेदाला नुसते विटकाम करून टाकले. वास्तविक त्याच्या वीस वर्षे आधीच शंका यावी असा पुरावा होता. १९५३ साली मेबल व लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना ॲसिटिलकोलीन दिले. पाचक विकरे स्रवली, ते अपेक्षितच होते. पण त्याबरोबर फॉस्फोलिपिडांत किरणोत्सारी फॉस्फरसही झपाट्याने शिरू लागला. निरोप आल्याबरोबर विटांनी का हलावे?

खुलासा व्हायला तीस वर्षे लागली. पटलाच्या आतल्या पदरात पीआयपी-२ नावाचा एक मेद अगदी थोडा असतो. बाहेरच्या ग्राहक प्रथिनाला संप्रेरक चिकटले की फॉस्फोलिपेज-सी हे विकर या मेदाचे डोके छाटते. हे डोके म्हणजे इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट. ते पाण्यात विरघळते, पेशीद्रवातून आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत जाते आणि तिथला कॅल्शियमचा साठा मोकळा करते. हे मायकेल बेरिज व सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवले. उरलेले धड पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी या विकराला कामाला लावते. एका रेणूतून दोन निरोप्ये!

हे फार वरच्या वर्गाचे झाले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वऱ्हाडाच्या ओळखीच्या सरकीच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. शरीर त्यापासून अरॅकिडॉनिक आम्ल बनवते व पटलातील मेदांत जोडून ठेवते. इजा झाली की ते सुटते, त्याची प्रोस्टाग्लँडिने होतात. ताप आणि ठणका त्यांच्यामुळे. ॲस्पिरिनची गोळी हीच पायरी अडवते. दहावीच्या मुलाला यात अवघड काय? पुण्याच्या आयसरमधील सिद्धेश कामत यांना २०२४ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला, तोही निरोप देणाऱ्या मेदांवरील संशोधनासाठीच.

प्रतिकृती टाकून देण्याचे कारण नाही. आतल्या रांगेतला एकच बोळा वेगळ्या रंगाचा करावा आणि टाचणीने असा अडकवावा की तो काड्यांवरून उपटून घेता येईल. शेजारी कॅल्शियमची म्हणून एक डबी. अकोल्याकडच्या एका शाळेत हे सुचवले, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, तोडलेलं डोकं मग परत कुठं जातं?" प्रश्न नेमका होता. डोक्यावरचे फॉस्फेट एकेक करून उतरवले जातात, उरलेले इनॉसिटॉल पुन्हा मेदाला जोडले जाते, आणि या फेरजुळणीत नवा फॉस्फरस लागतो. होकिन दांपत्याला दिसला तो हाच.